मुलाण्याचा वाटा

पिंपरीत आलो तेव्हा आमच्या घरची भाकरी रोज निराळ्या रंगाची व्हायची. कधी करडी, कधी पांढुरकी, कधी मधूनच तांबूस. याला कारण आमची मूठ. आमच्या मंडळीत, म्हणजे आमच्या चर्चच्या कुटुंबांत, जुना रिवाज होता. घरच्या बाईनं स्वयंपाकाला धान्य घेतलं की आधी त्यातली एक मूठ काढून डब्यात टाकायची आणि रविवारी तो डबा उपासनेला आणायचा. पुढे एक मोठी पाटी ठेवलेली असे. बाया एकेक करून आपला डबा तिच्यात रिता करायच्या, मी प्रार्थना करायचो आणि पाटी माझ्या स्वयंपाकघरात जायची. पाळकाचं पोट त्यावर. कुणाची बाजरी, कुणाची ज्वारी, कुणाचे रेशनचे तांदूळ, कुणा भाबडीची मूठभर हरभऱ्याची डाळ. माझी बायको सुरुवातीला हे सगळं निवडून वेगळं करत बसायची. मग तिनं नाद सोडला आणि सगळं एकत्रच दळायला द्यायला लागली. त्या पिठाची भाकरी थापताना तुटायची, पण खाताना गोड लागायची. "फुकटची आहे म्हणून गोड लागते," असं बायको म्हणायची. तिची जीभ अशीच.

मी नगरकडचा. तिकडे मिशनच्या आवारात दगडी देऊळ, म्हणजे आमचं चर्च, घंटा, लाकडी बाकं असं सगळं होतं. इथे मुंबई रस्त्याच्या कडेला एक पत्र्याची शेड होती. एका बाजूला निर्वासितांची छावणी, दुसऱ्या बाजूला रूळ, आणि समोरच्या माळावर औषधाच्या कारखान्याचं बांधकाम. माझी मंडळी म्हणजे त्या बांधकामावर घमेली वाहणारी, खडी फोडणारी, विटा उतरवणारी माणसं. उपासनेला यायची तेव्हा त्यांच्या केसांतून सिमेंट गेलेलं नसायचं. मला आधी जिवावर आलं होतं इथे यायचं, हे खरं आहे. आणि माझा स्वभाव तापट. उपदेशाला उभा राहिलो की आवाज चढायचा आणि पत्र्याच्या शेडीत तो दुप्पट व्हायचा. लोक म्हणायचे, पाळकसाहेब बोलले की पत्रे बोलतात.

इथे माझा पहिला मित्र झाला तो मंडळीतला नव्हता. रस्त्याला लागून एक पिठाची गिरणी होती. तिचा मालक निघोजे गावचा मुलाणी. गावात आणि आसपासच्या गावांत त्याच्या घराण्याकडे बकरी कापायचा मान होता. सणाला, जत्रेला, लग्नाला हिंदूंच्या घरचं बकरंसुद्धा मुलाण्यानंच कापायचं, आणि त्याचा ठरलेला वाटा त्याला मिळायचा. हा माणूस शेती भावांकडे टाकून इकडे आला आणि डिझेलवरची गिरणी घालून बसला. जत्रेच्या दिवसांत मात्र सुरी घेऊन गावाकडे जायचा, कारण मान सोडता येत नाही. सगळे त्याला भाई म्हणत, मीही म्हणायला लागलो. आमचं ते पंचरंगी धान्य पाहून पहिल्या दिवशी तो चकित झाला होता.

"ह्ये काय आनलंय साहेब? कोंबड्यांचं हाय का मान्सांचं?"

"माझं आहे," मी म्हणालो.

तो इतका हसला की इंजिन बंद पडेल असं मला वाटलं. मग त्यानं ते दळलं आणि दळणाचे पैसे घेतले नाहीत, पुढेही कधी घेतले नाहीत. संध्याकाळी गिरणी थांबली की आम्ही बाहेरच्या पोत्यांवर बसून चहा प्यायचो. त्याच्या भुवया पिठानं पांढऱ्या आणि माझ्या सदऱ्याच्या पाठीवर पोत्यांचं पीठ उमटलेलं. धर्माबद्दल बोलायचो, पण वाद घालायचो नाही. खाण्याबद्दल मात्र पुष्कळ बोलायचो. मला खाण्याचं वेड आहे, तेव्हाही होतं.

त्या वर्षीच्या बकरी ईदला भाई स्वतः ताट घेऊन माझ्या दारात आला. वर धुतलेलं फडकं. मला वास आला आणि जिभेला पाणी सुटलं, तरी मी दारातच उभा राहिलो. दुसऱ्या धर्माच्या कुर्बानीचं अन्न पाळकानं खाल्लं असं मंडळीत झालं, तर मंडळीचे पंच मला जगू देणार नाहीत, हे मला ठाऊक होतं. मी म्हणालो, "भाई, तुमचा मान आहे, पण आमच्यात चालत नाही." त्यानं फडक्याची सुटलेली कड पुन्हा नीट खोचली, "बरं," म्हणाला आणि गेला. दुसऱ्या दिवशी चहा तसाच, हसणं तसंच. फक्त त्यानंतर त्यानं मला खायला म्हणून कधी काही दिलं नाही.

माघात माझ्या बायकोला विषमज्वर झाला. ताप उतरला, पण ती उठेना. भिंतीला धरून बसवलं तर घसरून आडवी व्हायची. चिंचवडचे डॉक्टर म्हणाले, औषध झालं, आता हिला अन्न पाहिजे, रोज बकऱ्याच्या पायांचा रस्सा द्या, काळीज द्या, अंगात रक्तच नाही हिच्या. मी मान हलवली. आमच्या पाटीत पाये कोण टाकणार होतं! बाजरीची पेज करून पाजत राहिलो. एका सकाळी तिनं पेजेची वाटी नुसती बघितली आणि डोळे मिटून घेतले. त्या दिवशी मी फार घाबरलो.

आमच्या मंडळीत एक विधवा बाई होती. बांधकामावर घमेली वाहायची. सगळे तिला मावशी म्हणत. तिचं माहेर निघोजं, भाऊ अजून तिथेच, आणि ते काही ख्रिस्ती झालेले नव्हते. तिला एकच लेक. त्या लेकीचं लग्न नगरकडच्या एका शिक्षकाशी ठरलं होतं. एवढं चांगलं स्थळ आमच्या शेडीतल्या कुणालाच आलं नव्हतं, आणि ते आलं होतं केवळ मुलगी मंडळीत वाढलेली, आई नावाजलेली म्हणून. आमच्यात लग्नाआधी तीन रविवार उपासनेत ते जाहीर करावं लागतं आणि कुणाची हरकत आहे का विचारावं लागतं. चैत्र संपेपर्यंत मावशीच्या लेकीचं दोनदा जाहीर झालं होतं. तिसरं झालं की लग्नाला मोकळीक.

पण ते नंतरचं. चैत्र लागला तशी एक दिवस मावशी झाकणाचं पातेलं घेऊन घरात आली. "बाईंना पाजा," म्हणाली. झाकण काढलं तर पायांचा अळणी रस्सा, वर तुपासारखी साय आलेली.

"मावशी, हे कुठून?"

"माजा भाऊ हाय की निघोज्याला. बकरी पाळतो. त्यानं धाडलंय."

मी बायकोच्या उशाशी बसलो, डोळे मिटले आणि मनापासून प्रार्थना केली. 'प्रभू, ज्या हातांनी हे पाठवलं त्या हातांना आशीर्वाद दे.' बायकोनं दोन घोट घेतले, मग अजून दोन. तो चैत्रभर मावशी अधूनमधून पातेलं आणत राहिली आणि मी दर वेळी तीच प्रार्थना करत राहिलो. रस्सा बायकोचा. उरलेले पाये मी मात्र मन लावून चोखायचो. एकदा तर बायको अंथरुणातून म्हणाली, "अहो, हाड तरी ठेवा." तिला थट्टा सुचली तेव्हा मला कळलं की ती आता जगणार.

महिन्याच्या शेवटी मुकादम माझ्याकडे आला. हा बांधकामावर मजुरांच्या टोळीचा मुकादम, आमच्या पंचांमधला पहिला. ताठ माणूस. त्याचा चेहरा पाहूनच मी चरकलो.

"साहेब, मावशीला मी निघोज्याच्या जत्रंत बघितलं."

"माहेर आहे तिचं. गेली असेल."

"देवळाच्या पाठीमागं. बकरं कापलं त्या जागी. हात पुढं करून मटन घेतलं तिनं. पळसाच्या पानात बांधून न्हेलं."

 मूर्तीपुढे कापलेलं मटण! आमच्याकडे याला क्षमा नाही असं नाही, पण शिक्षा मोठी आहे. असं करणाऱ्याला प्रभुभोजनाला, म्हणजे उपासनेत पाळक मोडून देतो त्या भाकरीला, बसता येत नाही, त्याची मूठ पाटीत पडत नाही, त्याच्या घरचं लग्न आमच्या देवळात लागत नाही. मावशीला बाहेर काढलं तर नगरचा शिक्षक लग्न मोडणार, यात शंका नव्हती. आणि ही मावशी! जी उपासनेला सगळ्यांच्या आधी येऊन शेड झाडते ती! मला राग आला, आणि रागापेक्षा जास्त मी हबकून गेलो होतो.

शनिवारी दुपारी सुट्टीत पंच शेडीत बसले. मावशी समोर उभी, पदर डोक्यावर, हात सिमेंटनं पांढरे. मुकादमानं विचारलं, "घेतलंस का न्हाई?"

"घेतलं."

"खाल्लंस?"

"न्हाई."

"मग कुनाला घातलंस?"

ती बोलेना. मी विचारलं, माझा आवाज चढला, पत्रे वाजले. तरी ती तशीच खाली बघून उभी.  मुकादम म्हणाला, "माज्या बापानं जन्मभर त्याच जत्रंत भिंतीबाहेर बसून हात पसरला. हलगी वाजवायची आन लोकांचं संपलं की मग आमाला कायबाय टाकायचे. त्ये नको म्हनून मी ह्या शेडीत आलो. आन आपल्यातलीच बाई तितं जाऊन हात पसरती?"

मला त्याचं बोलणं पटलं. अजूनही पटतं. मी मावशीला सांगितलं की उद्या उपासनेच्या आधी खरं सांग, नाहीतर तुझ्या लेकीचं तिसऱ्यांदा जाहीर होणार नाही. ती मान वर न करता म्हणाली, "बरं साहेब," आणि घमेली वाहायला परत गेली. ते 'बरं' मी आधी कुठे ऐकलं होतं ते मला त्या वेळी आठवलं नाही.

मी तणतणत गिरणीवर गेलो. भाई पट्टा बसवत होता. मी इंजिनाच्या आवाजावर ओरडून त्याला सगळं सांगितलं. मूर्तीपुढचं मटण, पळसाची पानं, मावशीचं गप्प राहणं. शेवटी म्हणालो, "विचारलं कुणाला घातलंस तर दातखीळ बसल्यासारखी गप्प!"

भाईनं इंजिन बंद केलं. एवढी शांतता झाली की मला माझाच श्वास ऐकू यायला लागला.  त्याच्या चेहऱ्यावरचं पीठ सोडलं तर चेहऱ्याला रंगच उरला नव्हता.

"साहेब, तिनं सांगितलं न्हाई?"

"काय?"

"त्ये मटन देवाचं न्हाई. माजं हाय. मुलान्याचा वाटा. पाये आन काळीज माज्या मानाचं असतं, त्ये मी काढून ठेवलं आन तिला हाक मारून दिलं. एकल्या निघोज्याचंच न्हाई, चैतात माज्या सगळ्या गावांतलं. तिनं फकस्त हितं गिरणीमागं शिजवलं."

"पण कुणासाठी?"

भाईनं माझ्या घराच्या दिशेला मान वळवली.  मी त्या पोत्यावर बसलो, जिथे रोज चहा प्यायला बसतो तिथेच. पायांचा रस्सा, वरची साय, मी चोखलेली हाडं, सगळं एकदम आठवलं. मूर्तीच्या दारात उभं केलेलं बकरं, भाईनं त्याच्या अल्लाचं नाव घेऊन कापलेलं, मावशीनं शिजवलेलं, आणि मी त्यावर प्रभूचं नाव घेतलेलं. ज्या हातांनी हे पाठवलं त्या हातांना आशीर्वाद दे म्हणून दर वेळी डोळे मिटून विनवलं होतं, आणि ते हात सिमेंटनं भरलेले आज दुपारी माझ्यासमोर उभे होते. मी त्यांच्यावर ओरडलो होतो.  

"मला का नाही दिलंत, भाई? सरळ माझ्या घरी का नाही आणलंत?"

"आनलं व्हतं की साहेब," भाई म्हणाला. "ईदीला."

तो रागानं बोलला नाही. रागानं बोलला असता तर मला सोपं गेलं असतं. पुढे म्हणाला की बाई अंथरुणात पडलेली, डॉक्टरनं पाये सांगितले हे मीच त्याला सांगितलं होतं. परत ताट घेऊन तो आला असता आणि मी परत नको म्हणालो असतो, तर बाईचं काय झालं असतं? म्हणून मावशीच्या हातून पाठवलं. मावशीला त्यानंच शपथ घातली होती की साहेबाला सांगू नको.

मी तडक बांधकामावर गेलो. मावशी वाळू चाळत होती. मी तिला बाजूला बोलावलं. काय बोलायचं ते ठरवलं नव्हतं. म्हणालो, "मावशी, भाईनं सगळं सांगितलं. अगं, बोलायचं नाहीस का? लेकीचं लग्न मोडायला निघालं होतं!"

तिनं चाळण खाली ठेवली. "साहेब, म्या बोलले आसते तर पंचांनी तुमाला बाहेर काढलं आसतं. मग बाईंनी ह्या अशक्त अंगानं कुटं जायाचं? लेकीचं लगीन मोडलं तर परत जमंल. बाई गेल्या आसत्या तर कुटनं आनायच्या व्हत्या?"

ती एवढं बोलली आणि पुन्हा चाळायला लागली, कारण ठेकेदाराचा माणूस बघत होता. मी तिथेच वाळूत उभा. मला रडू आलं आणि ते मी लपवलं नाही. आजूबाजूच्या बायांना वाटलं, साहेबाच्या डोळ्यांत वाळू गेली.

संध्याकाळी काम सुटल्यावर मुकादमाच्या झोपडीकडे गेलो. तो दाराबाहेर दाढी करत होता. मी उभ्याउभ्या सगळं सांगितलं. मावशीनं हात पसरला नव्हता, भाईनं बोलावून दिलं. खाल्लं ते माझ्या बायकोनं, आणि मी.

त्याचा वस्तरा हातातच राहिला. अर्ध्या गालावर साबण. "तुमी खाल्लं?"

"बोटं चाटून."

"बिसमिल्ला करून कापलेलं?"

"हो. आणि नाताळला तुमच्या घरी जे बकरं कापलं होतं ते कुणी कापलं होतं, मुकादम?"

 ते भाईनंच कापलं होतं, हे दोघांनाही ठाऊक होतं. मला वाटलं, जिंकलो. पण तो सावकाश म्हणाला, "त्ये येगळं. तितं मधी मूर्ती नव्हती." आणि मग, साबण तसाच वाळत असताना, "साहेब, मावशीला जी शिक्षा तीच तुमाला. न्हाईतर उद्या मी ह्या मान्सांना काय सांगू? उद्याच्याला भाकर तुमी मोडायची न्हाई."

मी तापट माणूस, पण तेव्हा मला राग आला नाही. त्याचं बरोबर होतं. मी म्हणालो, "बरं." आणि ते बोलताना मला भाईचं बरं आठवलं, मावशीचं बरं आठवलं, आणि त्या एका शब्दाला किती मोल पडतं ते आयुष्यात पहिल्यांदा कळलं.

घरी येऊन बायकोला सांगितलं. तिला भोवळ येईल अशी मला भीती होती. ती भिंतीला टेकून बसली होती, कित्येक आठवड्यांत पहिल्यांदा आपली आपण वेणी घातलेली.

"मला ठाऊक होतं," ती म्हणाली.

 त्या दिवसातला कितवा धक्का होता हा! "काय ठाऊक होतं?"

"पहिल्याच घोटाला कळलं. मावशीचा भाऊ बकरी पाळत नाही. त्याची शेळी गेल्या वर्षी मेली, ती मावशी इथेच बसून रडली होती. तुम्ही तेव्हा उपदेश लिहीत होतात. मग म्हटलं, कुणीतरी पाठवतंय आणि त्याला नाव सांगायचं नाही. मी काय भाईंची गिरणी ओळखत नाही? पातेल्याच्या बुडाला पीठ लागलेलं असायचं."

"मला का नाही सांगितलंस?"

"सांगितलं असतं तर तुम्ही पाजलं असतंत का?"

 खरं उत्तर मला ठाऊक नव्हतं आणि आजही नाही. त्याचीच मला भीती वाटते.

रविवारी शेड गच्च भरली. बातमी पोहोचलीच होती. पुढे मेजावर पांढरं कापड, त्याखाली प्रभुभोजनाची भाकर. ती आमच्या मुठीच्या पिठाचीच असायची, म्हणजे भाईच्या गिरणीतली. मी नेहमीच्या जागी गेलो नाही. मागे, दाराजवळ, मावशी आणि तिची लेक बसली होती, तिथे सतरंजीवर जाऊन बसलो. सगळ्या माना मागे वळल्या.  एक म्हातारी मोठ्यानं 'अगं बाई' म्हणाली, तेवढंच. लेकीनं तोंड पदरात लपवलं होतं. तिला वाटत होतं की आपल्यामुळे पाळक मागे बसला.

मुकादम उठला. त्यानं सांगितलं की आज मूठ आधी घेऊ, बाकीचं नंतर बघू. बाया डबे घेऊन उठल्या. पाटीत धान्य पडायचा आवाज, तो मला फार आवडायचा. सगळ्या झाल्या. मावशीनं डबा आणला होता, मांडीवर धरून ती बसून राहिली. तिनं आठवडाभर मूठ काढली होती, पण ती आता घ्यायची नव्हती.

तेव्हा दारात सावली पडली. माझी बायको. माघापासून ती घराबाहेर पडली नव्हती, आणि घरापासून शेडीपर्यंत ती एकटी, काठी टेकत आली होती. मी उठून धरायला गेलो तर तिनं मला हातानंच बसवलं. ती मावशीपुढे थांबली, वाकायला जमेना म्हणून काठीवर भार देऊन हात खाली केला आणि मावशीच्या मांडीवरचा डबा उचलला. मग सगळ्यांच्या मधून हळूहळू पुढे गेली. दोनदा थांबली, दम खाल्ला.  पाटीपाशी पोहोचल्यावर तिनं डबा रिकामा केला, तळाला चिकटलेलं बोटांनी काढलं आणि मुकादमाकडे वळली.

"मुकादम, मी हिच्या हातचं खाल्लं म्हणून उभी आहे," ती म्हणाली. "आता काय ते तुम्ही ठरवा."

आवाज अगदी बारीक होता, पण पत्र्याखाली सगळ्यांना ऐकू गेला.

मुकादम तिच्याकडे बघत होता. मग पाटीकडे. मावशीची बाजरी वरच पडली होती, काळसर, निघोज्याकडची.  त्यानं पाटी उचलली असती, मावशीची मूठ ओंजळीनं काढून बाहेर टाकली असती, तरी मी त्याला दोष देऊ शकलो नसतो. त्याचा बाप त्या भिंतीबाहेर बसला होता, माझा नव्हे.

 मग तो खाली वाकला आणि बाजरीत हात घालून सगळं धान्य एकत्र कालवलं, बाया पिठात पाणी कालवतात तसं, वरची बाजरी खाली आणि खालची ज्वारी वर. कुणाची मूठ कुठली हे आता कुणालाच सांगता आलं नसतं. हात झटकून तो ताठ उभा राहिला आणि माझ्यावर खेकसला.

"साहेब, तितं मागं काय बसलाय? त्या पोरीच्या लग्नाचं तिसऱ्यांदा कोन सांगनार, मी?"

मी पुढे गेलो. मला नीट दिसत नव्हतं. लग्न जाहीर केलं, कुणाची हरकत आहे का विचारलं. रूळांवरून मालगाडी गेली, तेवढाच आवाज झाला. मग मी कापड काढलं आणि भाकर मोडली. पहिला तुकडा मावशीला दिला. तिनं सिमेंटनं उललेले दोन्ही हात पुढे केले.

पुढची बकरी ईद आली तेव्हा बायको बरी झाली होती आणि नेहमीसारखी बोलायला लागली होती. तिनं सकाळीच मला एक ताट धुऊन दिलं, वर स्वच्छ फडकं टाकलं आणि म्हणाली, "जा." रस्त्यात मुकादम भेटला. त्यानं ताटाकडे बघितलं, मग आभाळाकडे बघितलं आणि काही न विचारता निघून गेला.

भाईच्या दारात मी रिकामं ताट घेऊन उभा राहिलो. तो नवा सदरा घालून बाहेर आला, मला बघून थबकला. त्याची नजर ताटावर गेली, फडक्यावर गेली. गेल्या वर्षी मी त्याला दारातूनच परत लावलं होतं, त्यानंतर मी कधी असा येईन हे त्याच्या स्वप्नातही नव्हतं.

"साहेब," तो म्हणाला, "आज चालतं व्हय तुमच्यात?"

"चैत्रातच चाललं, भाई," मी म्हणालो. "फक्त मलाच सांगायचं राहिलं होतं."